करून पाहिल्यावर मिळणारे उत्तर

शिकलेली गोष्ट लगेच वापरावी म्हणजे ती पक्की होते, हा सल्ला आपण सर्वांनी शाळेपासून ऐकलेला आहे आणि तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. मात्र बरीच वर्षे शिकवण्यात घालवल्यानंतर तो अपुरा आहे, असे माझे मत झाले आहे. एखादे काम वर्षानुवर्षे रोज करणारी आणि तरीही त्यात फारशी सुधारणा न झालेली माणसे आपल्या अवतीभोवती पुष्कळ असतात. त्यांचा सराव कमी पडला असे म्हणता येत नाही. कमी पडते ते उत्तर. आपण काही करतो तेव्हा समोरची वस्तू, समोरचा माणूस किंवा पायाखालची जमीन त्यावर काहीतरी उत्तर देत असते, आणि शिकणे घडते ते त्या उत्तरातून. ते उत्तर किती स्पष्ट असते, किती वेळाने येते आणि ते येईपर्यंत आपण नेमके काय केले होते हे आपल्याला आठवत असते का, याकडे लक्ष न देता केलेला सराव बहुधा नुसती सवय लावून जातो.

बेळगावच्या उद्यमबाग परिसरातील एका खाजगी प्रशिक्षण केंद्रात मी मुलांना इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवते. उद्यमबाग आणि मच्छे येथे ओतकामाचे कारखाने, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या फौंड्री, मोठ्या संख्येने आहेत आणि आमच्या बहुतेक मुलांची पहिली नोकरी तिथेच लागते. ही मुले खानापूर, येळ्ळूर, कडोली, हुक्केरी अशा गावांहून बसने येतात. काही मराठी शाळेत शिकलेली असतात, काही कन्नड शाळेत. शिकण्याविषयीचे माझे विचार मुख्यतः या मुलांकडे, फौंड्रीतल्या वाळूकडे आणि माहेरच्या भातशेतीकडे पाहून झालेले आहेत. पुस्तके नंतर वाचली, आणि त्यांत काही ठिकाणी दुजोरा मिळाला.

सर्वांत लवकर उत्तर देणारी विद्या म्हणजे भाषा, म्हणून सुरुवात तिथून करते. सीमाभागातील मराठी शाळांत कन्नड हा विषय असतोच, आणि त्यात चांगले गुण मिळवलेल्या अनेकांना बैलहोंगल किंवा सौंदत्तीकडे गेल्यावर वाहकाला थांबा विचारतानाही शब्द सापडत नाहीत. याचे कारण उघड आहे: शाळेतल्या कन्नडला उत्तर मिळायचे ते तिमाहीला आणि सहामाहीला, तेही लाल शाईत. बाजारात ते त्याच क्षणी मिळते. ‘एष्ट्री?’ म्हणून भाव विचारला की समोरून आकडा येतो आणि तो समजला नाही तर पिशवीत हात घालून किती पैसे काढायचे ते कळत नाही. इप्पत्तु (वीस) आणि ऐवत्तु (पन्नास) यांतला फरक मला पाठांतराने कधी टिकवता आला असता की नाही, सांगता येत नाही. सुट्या पैशांनी तो कायमचा टिकवला.

परंतु बेळगावात एक अडचण आहे, आणि ती इथल्या माणसांच्या चांगुलपणातून निर्माण झालेली आहे. रविवार पेठेत किंवा गणपत गल्लीत बसणारी भाजीवाली अक्का आपल्याइतकीच, कित्येकदा आपल्यापेक्षा अधिक, दोन्ही भाषांत वावरलेली असते. आपण अडखळतो आहोत असे दिसताच ती स्वतःहून मराठीत बोलू लागते, ‘मराठीत बोला की, समजतंय मला,’ असे सांगते आणि व्यवहार चटकन आटोपतो. उत्तर मिळते, पण ते आपल्या गरजेला मिळते. आपल्या कन्नडला मिळतच नाही. यामुळे चाळीस वर्षे शहरात राहिलेली मराठी माणसे दहा-बारा वाक्यांच्या पुढे गेलेली नसतात, आणि कन्नडभाषकांच्या मराठीचेही तेच होते. त्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे आधीच विनंती करणे: ‘कन्नडदाग हेळ्री, कलियाकत्तेन्री,’ म्हणजे कन्नडमध्येच सांगा, मी शिकते आहे. एवढे म्हटल्यावर आजवर कोणी नाराज झालेले मी पाहिले नाही. उलट भाव सांगून झाल्यावर वाक्य दुरुस्त करून देणाऱ्या बायका भेटल्या, आणि त्यांतली एक तर मी पुढच्या खेपेला तेच वाक्य नीट म्हणेपर्यंत कोथिंबीर हातात द्यायला तयार नव्हती.

बाजारातले कन्नड आणि कचेरीतले कन्नड ही मात्र दोन वेगळी कामे आहेत, आणि एका कामाचा सराव दुसऱ्याच्या उपयोगी पडेलच असे नाही. वडिलांच्या निधनानंतर येळ्ळूर शिवारातील जमिनीवर वारसांची नावे लावण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा हे चांगलेच कळले. पहाणी, म्हणजे सातबारासारखा जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये, आणि भाषा धारवाडी बोलण्यातली नसून ग्रंथातली. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे बसलेले असतात, त्यांच्याकडून तो लिहून घेणे सहज शक्य होते आणि त्यात गैर काही नाही. तरी अर्ज स्वतः लिहायचे मी ठरवले, कारण शाळेनंतर मागे पडलेली लिपी पुन्हा हाताखालून जाण्यासाठी याहून चांगले निमित्त मिळणार नव्हते. वर ‘इंद’ लिहून आपले नाव-पत्ता, खाली ‘इवरिगे’ लिहून अधिकाऱ्याचा हुद्दा, मग विषय, मग ‘मान्यरे’ आणि मग मजकूर, अशी त्या अर्जाची ठरलेली मांडणी असते. मराठी वाचणाऱ्याला त्यातले निम्मे शब्द संस्कृतामुळे ओळखीचे वाटतात. अडवते ती लिपी, आणि ऱ्हस्व-दीर्घ ए व ओ यांचे वेगळेपण, जे आपल्या वर्णमालेत नाही.

लिपीची उजळणी मी बसच्या पाट्यांवर केली. हा सराव मला फार आवडतो, कारण त्यात फसवणुकीला जागा नाही: बस पुढे सरकत असते, अक्षर जुळवायला वेळ मोजका असतो आणि आपण जे वाचले ते बरोबर होते की नाही हे वाहकाच्या ओरडण्यातून लगेच समजते. अर्जाच्या बाबतीत उत्तर देणारी व्यक्ती टेबलामागे बसली होती. त्या बाईंनी वाचता वाचता पेन्सिलीने काही शब्दांवर खुणा केल्या, सर्वे नंबरापुढे हिस्सा कसा लिहितात ते दाखवले आणि अर्ज ठेवून घेतला. त्या खुणा केलेले शब्द आजही डोळ्यांसमोर जसेच्या तसे आहेत, तेव्हा वहीत गिरवलेल्या पानांतले मात्र फारसे काही आठवत नाही. वहीची पाने कोणी वाचणार नव्हते. अर्ज कोणीतरी वाचणार होते आणि त्यावर जमिनीची नोंद अवलंबून होती.

इथे एक आक्षेप येऊ शकतो, की पुन्हा पुन्हा वाचणे हाही सरावच आहे आणि आपली सगळी पिढी त्यावरच परीक्षा पास झाली. यावर अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, जो मी दरवर्षी मुलांना सांगते. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेली तीन सत्रे उतारा न पाहता आठवेल तेवढे लिहून काढण्यात घालवली. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा नुसत्या वाचणाऱ्यांना ८३ टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर मात्र वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि लिहिणारे ६१ टक्क्यांवर राहिले. आपल्याला किती लक्षात राहील याविषयी वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास अधिक होता, हा या प्रयोगातला सर्वांत बोलका भाग. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि तो ओळखीचा वाटणे हेच आपण ‘येते’ असे समजतो. म्हणजे उत्तर तिथेही मिळते आणि फार लवकर मिळते, फक्त ते खोटे असते.

खोट्या उत्तराचे आणखी एक उदाहरण माझ्या भाचीमुळे समजले. तिने हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकण्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि मग ओळखीच्या एका दुकानदाराची महिन्याभराची बिले घेऊन त्यांच्या नोंदी करण्याचा सराव सुरू केला, जो अगदी योग्य मार्ग होता. ट्रायल बॅलन्सच्या, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे यादीच्या, दोन्ही बाजू जुळल्या की ती खूश होत असे. परंतु दुरुस्तीचा खर्च चुकून यंत्रसामग्रीच्या खात्यात टाकला तरी दोन्ही बाजू जुळतातच, आणि एखादे बिल नोंदवायचे पूर्णच राहिले तरीही त्या जुळतात. जुळणी हे फार थोड्या प्रश्नांचे उत्तर आहे. दुकानदाराचे बँकेचे पासबुक समोर ठेवून एकेक रक्कम तपासायला लागल्यावर तिला दुसरा, अधिक परखड उत्तर देणारा मिळाला. सराव करताना आपल्याला हे उत्तर कोण देते आहे आणि त्याला नेमके किती दिसते, हे विचारून ठेवणे यासाठी गरजेचे असते.

आता फौंड्रीकडे वळते, कारण उत्तराच्या वेळेचा हा प्रश्न तिथल्या कारागिरांनी जितक्या बारकाईने सोडवला आहे तितका मी अन्य कुठे पाहिलेला नाही. ओतकामासाठी आधी पॅटर्न, म्हणजे हव्या त्या भागाची प्रतिकृती, बनवतात, तो वाळूत ठासून बाहेर काढतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओततात. लोखंड थंड होताना आकसते, आणि ग्रे कास्ट आयर्नच्या बाबतीत हे आकसणे सुमारे एक टक्का असल्यामुळे पॅटर्न त्या प्रमाणात मोठा ठेवावा लागतो. शिवाय पॅटर्नच्या उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो, म्हणजे तो वर उचलताना वाळूला घासत नाही. या दोन्ही गोष्टी मी फळ्यावर शिकवत असे, मुले त्या परीक्षेत बरोबर लिहीत असत आणि नव्या भागाचे ड्रॉइंग काढायला दिले की त्यांतली निम्मी मुले बाजू सरळ उभ्या काढून आणत असत.

त्यानंतर मी क्रम बदलला. आता पहिल्या दिवशी मुलांच्या हातात एकाच आकाराचे दोन लाकडी पॅटर्न देते, एक उतार दिलेला आणि एक सरळ बाजूंचा, आणि त्यांतला फरक सांगत नाही. मुले वाळू ठासतात आणि पॅटर्न काढतात. एक अलगद वर येतो. दुसऱ्याबरोबर साच्याची कड तुटून येते, कितीही सावकाश काढला आणि कितीही हलके ठोकले तरी येते. मग ती आपणहून पट्टी आणि गुण्या घेऊन दोन्ही पॅटर्न मोजू लागतात, आणि उताराचा अंश किती असावा हा प्रश्न मी न विचारता त्यांच्याकडूनच येतो. त्या प्रश्नानंतर फळ्यावरचे दहा मिनिटांचे शिकवणे पुरते. वाळूचे उत्तर काही क्षणांत मिळालेले असते आणि ते निःसंदिग्ध असते. त्यात मॅडमच्या मूडचा किंवा गुणांचा संबंध नसतो.

ओतलेल्या लोखंडाचे उत्तर मात्र इतक्या लवकर मिळत नाही, आणि खरी परीक्षा तिथे आहे. वाळूत पाणी जास्त झाले, हवा जायला साच्यात पुरेशी वाट ठेवली नाही किंवा कोअर, म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावे म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा, नीट वाळला नाही, तर वायू लोखंडात अडकतो आणि आत पोकळ्या राहतात; त्यांना ब्लो होल म्हणतात. त्या कधी साचा फोडल्यावर दिसतात, कधी दुसऱ्या दिवशी साफसफाई करताना, आणि कित्येकदा तर गिऱ्हाइकाच्या लेथवर वरचा थर कापला गेल्यावर, म्हणजे काही आठवड्यांनी. तोपर्यंत तो साचा कोणी घातला होता, त्या दिवशीची वाळू कशी होती आणि लोखंड किती तापलेले होते, हे कोणाच्याही ध्यानात उरलेले नसते. साचा घालणाऱ्या मोल्डरला परत आलेला तुकडा दाखवला तर तो मनापासून सांगतो की लोखंडच खराब होते, आणि भट्टीवाला तितक्याच मनापासून सांगतो की वाळू ओली होती.

यावर या धंद्याने दोन उपाय शोधून ठेवलेले आहेत. पहिला म्हणजे हीट नंबर. भट्टीतून एका वेळी निघालेल्या लोखंडाला एक क्रमांक देतात, तो कास्टिंगवर उठवतात आणि त्या क्रमांकापुढे त्या वेळच्या वाळूच्या, तापमानाच्या आणि रसायनाच्या नोंदी ठेवतात. उत्तर महिन्याने आले तरी ते ज्या कृतीचे आहे तिथपर्यंत माग काढता येतो. दुसरा उपाय अधिक हुशारीचा आहे: जे उत्तर उशिरा येणार त्याचा एक लहान अंदाज आधीच मिळवायचा. लोखंड साच्यांत ओतण्यापूर्वी थोडेसे पाचरीच्या आकाराच्या छोट्या नमुन्यात ओततात, तो थंड करून फोडतात आणि टोकाकडचा पांढरा भाग किती खोलवर गेला आहे ते पाहतात. पांढरा भाग जास्त म्हणजे लोखंड कठीण आणि ठिसूळ होण्याकडे झुकलेले आहे. त्याला चिल टेस्ट म्हणतात. काही मिनिटांत कळते, आणि दुरुस्ती करायला रस अजून भट्टीत असतो.

वाळूची मूठ हाही तसाच प्रकार. जुने मोल्डर चिमूटभर नव्हे, मूठभर वाळू घेऊन दाबतात. ती आकार धरते का, तळहाताला चिकटते का आणि मधोमध तोडल्यावर तिच्या कडा स्वच्छ तुटतात का, हे पाहतात. आजच्या फौंड्रीत ओलावा मोजायला मीटर असतो आणि मुठीची गरज संपली असे नव्या मुलांना वाटते. एका फौंड्रीतल्या मोल्डरमामांनी यावर जो नियम केला आहे तो मी माझ्या वर्गासाठी उचलला. मुलाने आधी मूठ दाबून ओलावा किती टक्के ते तोंडाने सांगायचे आणि मगच मीटर पाहायचा. आकडा आधी पाहिला तर मूठ काही शिकत नाही. आधी अंदाज सांगितला की मीटरचा आकडा त्या अंदाजाला मिळालेले उत्तर ठरतो, आणि थोड्याच आठवड्यांत अंदाज व आकडा यांतले अंतर कमी होत गेलेले दिसते. ड्रॉइंगच्या वर्गातही मी हेच करते: वस्तू हातात देते, लांबी आधी नजरेने लिहायला सांगते आणि व्हर्नियर नंतर.

मानसशास्त्रातील एका जुन्या वादातून हाच मुद्दा पुढे आलेला आहे. डॅनिएल काहनेमन यांना तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेविषयी शंका होती, तर गॅरी क्लाइन यांनी आग विझवणाऱ्या जवानांचा अभ्यास करून तिच्यावर विश्वास ठेवला होता. दोघांनी २००९ साली एकत्र लेख लिहिला आणि अनुभवातून खरे कौशल्य तयार होण्यासाठी दोन अटी मान्य केल्या: परिसरात काहीएक नियमितपणा असला पाहिजे, आणि तो शिकून घेण्याइतकी पुरेशी संधी व उत्तरे मिळाली पाहिजेत. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपल्या कृतीचा परिणाम टेबलावरच दिसतो, तर क्ष-किरणांच्या चित्रावरून निदान करणाऱ्याला आपण सांगितले ते खरे ठरले का हे अनेकदा कळतही नाही, हे काहनेमन यांचे उदाहरण मला फार पटते. दोघांचीही बुद्धी सारखी आणि वर्षेही सारखी असू शकतात.

शेती या दृष्टीने सर्वांत कठीण शाळा आहे. येळ्ळूर, शहापूर, वडगाव या शिवारांतील काळ्या जमिनीत भात होते, आणि बेळगाव बासमतीचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना त्या शिवाराची ओळख करून द्यायला नको. पावसाच्या आधी धूळवाफ पेरणी करायची आणि तिचे उत्तर दिवाळीच्या सुमारास सुगीला घ्यायचे. चाळीस वर्षे शेती केलेल्या माणसाला एकूण चाळीसच उत्तरे मिळालेली असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकात पाऊस, बियाणे, खत आणि कीड यांचे असे मिश्रण झालेले असते की कशामुळे काय झाले हे वेगळे काढता येत नाही. निपाणी-चिकोडीकडच्या आडसाली उसाला तर दीड वर्ष लागते. शेतकरी नवे काही करायला बिचकतात अशी तक्रार करणाऱ्या सभांमधून मी पुष्कळदा बसले आहे. ज्या प्रयोगाचे उत्तर वर्षाने येणार आणि चुकले तर घरातले तांदूळ जाणार, तो प्रयोग बिचकूनच केला पाहिजे असे मला वाटते.

तरीही तिथे पाचरीच्या नमुन्यासारखे काही करता येते. पेरणीआधी बियाण्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले आणि काही दिवसांनी उगवलेले दाणे मोजले की उगवण किती टक्के हे शेतात न जाता समजते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बियाणे टाकले तर पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून टाकायचे आणि तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. या दोन्ही गोष्टी कृषी खाते वर्षानुवर्षे सांगते आहे. खताच्या बाबतीत एवढे जलद उत्तर मिळत नाही, म्हणून माझ्या चुलतभावाने एकाच शेतात शेजारी शेजारी दोन पट्टे ठेवण्याची पद्धत सुरू केली आहे. पाऊस, बियाणे आणि पेरणीचा दिवस दोन्हीकडे सारखा, फरक फक्त एका गोष्टीचा. मळणीही वेगवेगळी. काकांना आधी हा पोरखेळ वाटला होता. आता कोणता पट्टा कशाचा हे ते आल्यागेल्याला स्वतः दाखवतात. मोबाइलवर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या लाल मातीतला माणूस छातीठोकपणे जे सांगत असतो त्यावर वाद घालण्यापेक्षा हा पट्टा केव्हाही बरा.

याचा अर्थ पुस्तके बाजूला ठेवून नुसते कामाला लागावे, असा मी घेत नाही. ‘पदवी नको, कौशल्य हवे’ हे वाक्य अलीकडे प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात ऐकू येते आणि दर वेळी मला अस्वस्थ करते. उत्तर समजायला आधी प्रश्न असावा लागतो, आणि चांगले प्रश्न बहुतांशी सिद्धान्तातून येतात. ब्लो होल ओलाव्याने होतात, हवेची वाट बुजल्याने होतात, कोअरमधली वाळू धरून ठेवणाऱ्या बाइंडरच्या वायूने होतात आणि कमी तापलेल्या लोखंडानेही होतात, हे ज्याने वाचलेले आहे तोच पोकळीची जागा, आकार आणि तिच्या आतला पृष्ठभाग पाहून कारणांची वजाबाकी करू शकतो. ज्याने वाचलेले नाही, त्याला तीस वर्षे पोकळ्याच दिसत राहतात.

या दोन्ही गोष्टी एका माणसात एकत्र आल्या म्हणजे काय होते, हे बेळगावला माहीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला गेले, पण काही रंग ओळखता येत नसल्यामुळे ती सोडून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवूही लागले. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर इथेच तयार झाले. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची भीती होती आणि नांगर सुरुवातीला खपत नव्हते. कागदावर नांगर कितीही बरोबर असला तरी त्याला उत्तर देण्याचा अधिकार बैलाचा, मातीचा आणि त्या शेतकऱ्याचा होता. ड्रॉइंग शिकवणारी म्हणून मला या कथेत थोडा स्वार्थ आहे, हे मान्य करते.

त्याच किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम काही काळ भाऊराव पाटील यांनी केले होते, ज्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजवली. त्या योजनेने हजारो मुलांना शिक्षणाचा खर्च स्वतः उचलण्याची वाट दिली, आणि तिचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण शिकण्याच्या दृष्टीने, १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला मांडलेली नई तालीम वेगळी होती. तिथे हस्तव्यवसाय हा फी भरण्याचा मार्ग नव्हता. गणित, भूगोल आणि भाषा त्या व्यवसायातूनच शिकवाव्यात अशी कल्पना होती. आमची मुले सकाळी कुठेतरी डिलिव्हरीचे काम करून दुपारी वर्गात येतात तेव्हा ती पहिल्या प्रकारात असतात. त्यांना दुसऱ्या प्रकारात आणणे हे आमच्यासारख्या केंद्रांचे काम आहे आणि ते आम्हाला अजून पुरेसे जमलेले नाही.

सध्या वर्गात प्रत्येक मुलाकडे एक वही असते. तीत काय केले, काय होईल असे वाटते, उत्तर कोणाकडून आणि केव्हा येणार, आणि प्रत्यक्षात काय आले, असे रकाने आहेत. ‘उत्तर कोणाकडून’ हा रकाना मुलांना सर्वांत अवघड जातो, कारण शाळेत त्याचे उत्तर नेहमी ‘शिक्षकांकडून’ एवढेच असते. ब्लो होलच्या बाबतीत ते उत्तर गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमधून येते, आणि तिथे नापास झालेले तुकडे आजवर सरळ भंगारात जाऊन पुन्हा भट्टीत वितळत असत. आता एका मशीन शॉपच्या मालकांनी असे काही तुकडे आमच्याकडे पाठवायचे कबूल केले आहे, आणि फौंड्रीने त्या हीट नंबरांच्या नोंदी दाखवायला होकार दिला आहे. तुकडे मिळतात ते पोकळीतूनच कापलेले असतात, त्यामुळे आतला भाग भिंगाने पाहता येतो. त्यांवरचा क्रमांक खडूने लिहिला तर हाताळताना पुसून जातो, म्हणून मुलांनी तो तेलरंगाने घालायला सुरुवात केली आहे.